सायकल कोणाच्या ओळखीवर?

पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात औंध भागात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात पुणे स्मार्ट सिटीच्या पुढाकाराने भाड्याच्या सायकली उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्या शे-दोनशेच होत्या. मोबाईलमधले अ‍ॅप उघडायचे, सायकलीवरचा चौकोनी कोड टिपायचा, कुलूप आपोआप उघडायचे. काम झाले की सायकल रस्त्याच्या कडेला लावून मोकळे व्हायचे. पेडल, ओफो, युलू, मोबाइक ही नावे वर्षभरात पुणेकरांच्या तोंडी बसली. पिवळ्या, नारिंगी, निळ्या सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या. २०१९ उजाडून काही महिने गेले, तोवर त्यातल्या बहुतेक दिसेनाशाही झाल्या. काही कालव्यात सापडल्या, काही सोसायट्यांच्या आवारात अडकून पडल्या, काहींची चाके गेली, काहींच्या सीट गेल्या.

दीड-दोन वर्षांची ही कहाणी मी गडचिरोलीतून सांगतो आहे. आमच्या जिल्ह्यात रेल्वे अजून देसाईगंजच्या म्हणजे वडशाच्या स्टेशनापुरतीच. एसटी दिवसातून एखादी फेरी मारते अशी गावे पुष्कळ. सायकल हा इथे आजही व्यायामाचा किंवा पर्यावरणाचा विषय होण्याआधी शाळेत, शेतात आणि आठवडी बाजारात पोचण्याचा विषय आहे. पुण्याच्या सायकली का टिकल्या नाहीत, याचे उत्तर पुण्यात बसून शोधले की ते रस्ते, गर्दी आणि नागरिकांची शिस्त यांच्यापाशी थांबते. इकडून पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. त्या सायकलींना ओळखणारे कोणी नव्हते, आणि त्या नेणाऱ्यालाही.

सायकल वाटून वापरण्याची कल्पना महाराष्ट्राला अ‍ॅपमुळे कळली असे कोणी समजू नये. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत देशात सायकलींचे कारखाने एकामागून एक उभे राहिले: मद्रासला टीआय, सोनीपतला अ‍ॅटलस, आसनसोलला सेन-रॅले, लुधियानाला हिरो. तरी नवी सायकल म्हणजे घरातला मोठा खर्च असे. लग्नाच्या बोलीत जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ देण्याचे ठरत असे, त्या काळची ही गोष्ट. ज्याला सायकल घेणे परवडत नव्हते त्याच्यासाठी तासाची सायकल होती.

ज्या गावात बाजारपेठ होती तिथे सायकलचे दुकान होते, आणि बहुतेक दुकानांबाहेर भाड्याच्या सायकलींची रांग होती. चंद्रपुरात काय, मूल-ब्रह्मपुरीत काय, आरमोरी-वडशात काय, व्यवस्था सारखीच. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेला. दुकानदारापाशी एक लांबट वही. तिच्यात नाव, गाव, सायकलीचा नंबर आणि नेल्याची वेळ. अनामत रक्कम क्वचितच मागत. तुमची ओळख हीच अनामत. ‘कोणाचा रे तू?’ हा पहिला प्रश्न. वडिलांचे नाव सांगितले, ते दुकानदाराला पटले, की सायकल हातात. परगावचा माणूस असेल तर त्याने ओळखीचा कोणी आणायचा. तो शेजारचा हॉटेलवाला असो की कापडदुकानातला नोकर, त्याच्या शब्दावर सायकल सुटत असे. सायकल परत आली की दुकानदार आधी चाक फिरवून बघायचा, ब्रेक दाबायचा, मग पैसे घ्यायचा. पंक्चर कोणाच्या हातून झाले यावर वाद व्हायचे आणि तिथेच मिटायचे, कारण उद्या पुन्हा त्याच दुकानी यायचे असे दोघांनाही ठाऊक असे.

हजारो मुले याच सायकलींवर शिकली. पाय पुरत नसताना नळीच्या खालून पाय घालून कैची मारायची, मग नळीवरून, मग सीटवर, हा क्रम विदर्भातल्या दोन-तीन पिढ्यांनी तासाच्या हिशेबाने पार केला आहे. शाळेत न गेलेल्या माणसालाही सायकलीचा तास बरोबर कळे.

सायकल ठेवण्याचीही एक सार्वजनिक पद्धत होती आणि ती झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या भागात, फार चांगली दिसे. धान कापणी उरकली, दिवाळी झाली की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे पडतो. आजूबाजूच्या गावांतली माणसे पाच-दहा कोस सायकलीने येत, डबल सीट, मागे बायको, पुढच्या नळीवर पोर. मंडपाच्या बाहेर दोऱ्या बांधून सायकल स्टँड केलेला असे. नंबर लिहिलेला एक कागद हँडलला, त्याच नंबराचा दुसरा तुमच्या खिशात. रात्रभर शेकडो सायकली अंधारात उभ्या राहत आणि पहाटे प्रत्येक जण आपली सायकल घेऊन घरी जाई. स्टँड चालवणारी मुले त्याच गावची. एखादी सायकल हरवली तर गावाची अब्रू जाणार, हे त्यांना सांगावे लागत नसे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या पाळीला, कोळसा खाणींच्या फाटकांवर, शाळांच्या मागच्या अंगणात हीच शिस्त चाले. शिवाय नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा धातूचा बिल्ला देत. म्हणजे सायकलीला धनी होता, नंबर होता आणि सरकारदरबारी नोंदही होती.

ही व्यवस्था कोणी बंद केली नाही. ती विरत गेली. १९७२ साली लुना आली, मग स्कूटर सहज मिळू लागली, मग हप्त्यावर मोटारसायकल. सायकल दुकानात पंक्चर आणि सुटे भाग उरले, पुढे काही दुकाने मोबाईलची झाली. चाळीस वर्षांचा हा अनुभव कोणी लिहून ठेवला नाही, मला सर्वांत जास्त त्याचीच हळहळ वाटते. शहरांना पुन्हा वाटून वापरायच्या सायकलींची गरज भासली तेव्हा सल्लागार पॅरिस आणि शांघायची उदाहरणे घेऊन आले. तासाच्या सायकलीची वही कोणी मागितली नाही.

बाहेरच्या जगातला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुण्यापुढचे पर्याय त्यातून आलेले आहेत. १९६५ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या चळवळीने काही सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर ठेवून दिल्या. कोणीही न्याव्या, कुठेही ठेवाव्या, कुलूप नाही. लूड शिमेलपेनिंक हा त्यामागचा कल्पक माणूस. नगरपालिकेने अशा वीस हजार सायकली घ्याव्यात असा प्रस्ताव त्याने मांडला आणि तो फेटाळला गेला. बिनकुलपाची सायकल रस्त्यावर सोडणे कायद्यात बसत नाही म्हणून पोलिसांनी त्या पांढऱ्या सायकली उचलून नेल्या. १९७४ मध्ये फ्रान्समधील ला रोशेल या छोट्या बंदर-शहरात पिवळ्या सायकली आल्या. तिथे नगरपालिका स्वतः मागे उभी राहिली. १९९५ साली कोपनहेगनने नाणे टाकून सुटणाऱ्या सायकली आणल्या. बाजारात सामान ढकलायच्या गाडीला नाणे लागते तसे ते. पण नाणे टाकणारा कोण हे यंत्राला कळत नव्हते, म्हणून चोऱ्या थांबल्या नाहीत.

२००५ मध्ये लिओं आणि जुलै २००७ मध्ये पॅरिस यांनी ती उणीव भरून काढली. ठरावीक ठाणी, सायकल अडकवण्याचे खांब आणि प्रत्येकाच्या नावाचे कार्ड किंवा बँक खाते. म्हणजे दुकानदाराची वही यंत्रात गेली. पॅरिसचा ठेका रस्त्यावरच्या जाहिरातींचे हक्क घेणाऱ्या कंपनीला मिळाला होता. पहिल्या दोन वर्षांत तिथेही हजारो सायकली चोरीला गेल्या आणि मोडल्या. तरी योजना बुडाली नाही, कारण मोडलेल्या सायकलीच्या जागी नवी कोणी आणायची आणि पैसे कोणी द्यायचे हे करारात लिहिलेले होते, आणि शहर त्या कराराला बांधलेले होते. २००८ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहराने हीच पद्धत घेतली आणि बस व्यवस्थेला जोडली.

आपल्याकडे २०१० मध्ये मुंबईत मुलुंडला काही तरुणांनी ‘सायकल चलाओ’ नावाने स्टेशनाजवळ भाड्याच्या सायकली सुरू केल्या. वहीतल्या ओळखीला सर्वांत जवळचा असा तो प्रयत्न होता. महाविद्यालयाची मुले सकाळी स्टेशनावरून सायकल घेत आणि संध्याकाळी परत देत. पण काही वर्षांतच तो थांबला.

मग चिनी लाट आली. ओफो २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी सुरू केली, मोबाइक २०१६ मध्ये शांघायच्या रस्त्यांवर उतरली. त्यांनी ठाणी आणि खांब काढून टाकले. कुलूप सायकलीतच, त्याला मोबाईलचा आदेश. शहराने काहीच बांधायचे नाही. भांडवल गुंतवणूकदारांचे. जगभरातल्या महापालिकांना हा प्रस्ताव मोहवणारा होता आणि पुण्यालाही होता.

पुण्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. हे शहर एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. २००६ नंतर केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून रस्ते रुंद झाले, त्यांच्या कडेला सायकल मार्गही झाले. त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या, हातगाड्या लागल्या, मध्येच विजेचे खांब आले. तो अनुभव गाठीशी असताना नव्या आराखड्याने सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास सायकल मार्गांचे जाळे सुचवले आणि त्याच्याबरोबर भाड्याच्या सायकली. सायकली आधी की रस्ते आधी, हा जुना पेच. सायकलस्वार दिसत नाहीत म्हणून रस्ता मिळत नाही आणि रस्ता नाही म्हणून सायकलस्वार बाहेर पडत नाहीत. भाड्याच्या सायकलींनी हा पेच सुटेल असे अनेकांना मनापासून वाटत होते आणि त्यांच्या हेतूवर मला शंका नाही.

पुण्यापुढे ढोबळमानाने दोन वाटा होत्या. पहिली ठाण्यांची. त्यासाठी जागा द्यायची, खांब रोवायचे, पैसे घालायचे, ठेकेदाराशी वर्षानुवर्षांचा करार करायचा आणि दर महिन्याला त्याला जाब विचारायचा. जून २०१७ मध्ये म्हैसूर आणि भोपाळ या दोन शहरांनी ही वाट धरली होती. म्हैसूरच्या ‘ट्रिन ट्रिन’ योजनेत सुमारे साडेचारशे सायकली आणि अठ्ठेचाळीस ठाणी होती, मागे महापालिका आणि आंतरराष्ट्रीय निधी होता, आणि सायकल हवी असेल तर नोंदणी केंद्रावर जाऊन ओळखपत्र दाखवून कार्ड घ्यावे लागे. दुसरी वाट बिनठाण्यांची. त्यात महापालिकेला सायकली विकत घ्याव्या लागणार नव्हत्या. कंपन्या सायकली आणतील, देखभाल करतील; शहराने उभ्या करायला जागा आखून द्यायच्या. एकाऐवजी चार कंपन्या आल्या तर स्पर्धेने दर उतरतील, हाही हिशेब होता. पुण्याने दुसरी वाट धरली.

या निर्णयात जे सुटले ते पैशाचे नव्हते, जबाबदारीचे होते. चारही कंपन्यांचे लक्ष्य जास्तीत जास्त लोकांच्या मोबाईलमध्ये शिरणे हे होते. भाडे इतके नाममात्र होते की त्यातून साधे पंक्चरसुद्धा निघाले नसते. तूट गुंतवणूकदार भरतील असे धरून सगळे चालले होते. सायकल कोणी नेली हे कंपनीच्या संगणकाला ठाऊक होते, पण तो संगणक कुठल्याशा दूरच्या शहरात. ज्या चौकात सायकल उभी होती त्या चौकातला पानवाला, रिक्षावाला, सोसायटीचा रखवालदार यांच्यापैकी कोणाचाही त्या सायकलीशी काही संबंध नव्हता. ती मोडताना त्यांनी पाहिली तरी कोणाला सांगायचे? आणि का सांगायचे? तासाच्या सायकलीची राखण सगळा बाजार करी, कारण दुकानदार त्याच बाजारातला होता. या सायकलींची राखण उपग्रहावर सोपवलेली होती.

झोपडपट्टीतल्या पोरांनी सायकली नासवल्या असे तेव्हा सर्रास बोलले गेले. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. सायकलीची ज्यांना सर्वांत जास्त हौस आणि गरज, त्या पोरांकडे स्मार्टफोन नव्हता, बँकेचे कार्ड नव्हते. त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी रंगीत नवी सायकल उभी करायची आणि ती उघडण्याची एकही वाट त्यांना ठेवायची नाही, मग ती कुलपासह ओढत नेली की नवल करायचे! जुन्या दुकानात त्याच पोराला बापाच्या नावावर छोटी सायकल मिळाली असती. तास संपायच्या आत ती परतही आली असती.

पुढचे सगळे फार वेगाने झाले. एप्रिल २०१८ मध्ये मेइतुआन या बड्या चिनी कंपनीने मोबाइक विकत घेतली. मे महिन्यात मोबाइक पुण्यात आली. जुलैमध्ये ओफोने भारतातून गाशा गुंडाळायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये बीजिंगच्या कडाक्याच्या थंडीत ओफोच्या कचेरीबाहेर आपली अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. अ‍ॅपवर तशी मागणी करणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. २०१९ च्या वसंतात मोबाइकनेही आशियातल्या इतर देशांतला कारभार आवरला. पेडल थांबली. युलू टिकली ती विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांकडे वळून. पुण्याने पुणेकरांसाठी आखलेली योजना अशा रीतीने बऱ्याच अंशी बीजिंगमधल्या ताळेबंदांवर उभी होती आणि त्यांच्याबरोबर कोसळली. नाशिकच्या स्मार्ट सिटीनेही याच सुमारास भाड्याच्या सायकली आणल्या. तिथलाही उत्साह फार काळ पुरला नाही. म्हैसूरच्या सायकली मात्र पुढेही फिरत राहिल्या. शहर लहान, ठाणी ठरलेली, नोंदणी माणसासमोर बसून केलेली. मला हे कारण सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

याच वर्षांत महाराष्ट्रात सार्वजनिक पैशातून सायकली देण्याचे दुसरे एक काम चालू होते. त्याला अ‍ॅप नव्हते आणि त्याची बातमी फारशी छापून येत नव्हती. २००६ साली स्थापन झालेल्या मानव विकास मिशनमध्ये गडचिरोली जिल्हा पहिल्यापासून होता. २०११ मध्ये हे काम २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत विस्तारले. त्यातले एक कलम मुलींच्या शाळेचे. आठवी ते बारावीच्या मुलींनी शाळा सोडू नये म्हणून प्रत्येक तालुक्याला सात निळ्या बस मिळाल्या आणि जिथे बस जात नाही, पण शाळा पाच किलोमीटरच्या आत आहे, तिथल्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अनुदान. ही रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली.

गडचिरोलीत या सायकलीचे मोल समजायला जिल्ह्याचा नकाशा पाहावा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत इथे चौरस किलोमीटरला जेमतेम चौऱ्याहत्तर माणसे होती. तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली. गावे विखुरलेली, प्राथमिक शाळा गावात, पण आठवी-नववी दुसऱ्या गावात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला चार किलोमीटर रानातून पायी पाठवायचे की घरी बसवायचे, हा प्रश्न आईबापांपुढे दर जूनमध्ये उभा राही. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांनी दाखवून दिले. मुली गटाने सायकलीवर जाऊ लागल्या की रस्त्यावरची भीतीही कमी होते, हे आमच्या धानोरा-चामोर्शीच्या रस्त्यांवर सकाळी दहाच्या सुमारास कोणालाही दिसेल.

मानव विकासच्या सायकलीला धनी आहे. ती मुलगी आहे, तिचे घर आहे, तिच्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत. म्हणून ती कालव्यात सापडत नाही. शाळा सुटल्यावर तीच सायकल बापाला बाजारात नेते, आईला रोजगार हमीच्या कामावर, भावाला दळणाला. सरकारने एकीला दिलेली सायकल घरभर वाटून वापरली जाते. अनुदान मात्र सायकल घेण्यासाठी आहे, ती चालती ठेवण्यासाठी नाही. टायर गेले, फ्रीव्हील झिजले, तर पुढचे दुकान पंधरा-वीस किलोमीटरवर. खेड्यातल्या पडवीत गंजत उभ्या असलेल्या सायकली पाहिल्या की वाटते, मोठा खर्च झाला आणि हवा भरायचा पंप तेवढा राहिला.

वाहतूक आराखड्यात न सापडणाऱ्या दोन गोष्टीही इथे आहेत. एक वाघ. देसाईगंजच्या जंगलात ऑक्टोबर २०२२ मध्ये सीटी-१ नावाचा वाघ पकडला, तोवर तेरा माणसांचा बळी गेला होता. २०२१ च्या पावसाळ्यानंतर छत्तीसगडमधून रानटी हत्तीही आले. अशा दिवसांत एकट्या मुलीने सायकलीने जाणे आणि पाच जणींनी घंटी वाजवत जाणे यात जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक असतो. दुसरी गोष्ट ट्रक. सुरजागडचे लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गाने वाहून नेणारे अवजड ट्रक आल्यापासून त्या रस्त्यांची कड सायकलस्वारासाठी उरलेली नाही. सायकली वाटणे सोपे. त्या चालवायला सुरक्षित कड राखणे हे सरकारचे खरे काम आहे आणि ते झाले पाहिजे.

गडचिरोली शहराचे काय? २०११ मध्ये इथली वस्ती ५४ हजारांच्या घरात होती. इंदिरा गांधी चौकातून चार रस्ते फुटतात. जिल्हाधिकारी कार्यालय आणि इतर कचेऱ्या कॉम्प्लेक्समध्ये, त्याच शहरात २०११ साली गोंडवाना विद्यापीठ आले. धानोऱ्याहून, पोटेगावकडून, चातगावकडून माणूस एसटीने स्टँडवर उतरतो तो एखाद्या दाखल्यासाठी, परीक्षेच्या अर्जासाठी, दवाखान्यात भरती असलेल्या आईसाठी. पुढचे दोन-तीन किलोमीटर तो पायी चालतो किंवा ऑटोला पैसे देतो, आणि ते पैसे कधी कधी घरून इथवर येण्याच्या तिकिटाइतके होतात. वाटून वापरायच्या सायकलीला याहून रास्त गिऱ्हाईक मला महाराष्ट्रात दिसत नाही. नगरपरिषदेपुढे उद्या हा प्रश्न आला तर पुण्याची वाट तिने धरू नये. धुळीत, पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात आणि अधूनमधून जाणाऱ्या नेटवर्कमध्ये मोबाईलच्या कुलपाची सायकल दोन महिने टिकणार नाही.

सामाईक वस्तू राखण्याचा इथे आमच्याकडे दुसरा अनुभव आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या अशा गावांत ते आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या हक्कासाठीच्या लढ्याशी कायमची जोडलेली आहेत. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते गावाला बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाले. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. बांबू कोणी किती तोडला याचा हिशेब गावासमोर मांडला जातो. सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही, हे शहरांनी गृहीत धरलेले वाक्य तिथे चालत नाही. ज्या वर्षी मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून नीट राखू शकतात हे दाखवल्याबद्दल.

त्या अनुभवावरून गडचिरोलीची सायकल योजना कशी दिसेल? एसटी स्टँड, कॉम्प्लेक्स, विद्यापीठ आणि जिल्हा महिला व बाल रुग्णालय, अशी चार ठाणी पुरतील. प्रत्येक ठाणे एका महिला बचत गटाकडे. नगरपरिषदेने सायकली घ्याव्यात, पत्र्याची शेड घालावी, गटाला देखभालीसाठी दरमहा ठरलेली रक्कम द्यावी आणि भाड्याचे पैसे गटाकडेच राहू द्यावेत. ओळख म्हणून आधार चालेल, विद्यार्थ्याचे ओळखपत्र चालेल, आणि दोन्ही नसेल तर गावातल्या ग्रामसभेची चिठ्ठी चालेल. मोबाईल लागणार नाही. गटातल्या दोघी-तिघींना पंक्चर काढणे, चेन बदलणे, ब्रेकच्या तारा ओढणे शिकवावे. शहरातल्या जुन्या सायकल मिस्त्रींपैकी काही अजून काम करतात. तेच त्यांचे शिक्षक. मानव विकासच्या गंजलेल्या सायकलींचे सुटे भागही याच शेडमध्ये मिळावेत, म्हणजे बाजाराला आलेला बाप परतताना मुलीच्या सायकलीचे टायर घेऊन जाईल. सीटच्या उंचीच्या दोन तऱ्हा ठेवाव्यात, नऊवारीतल्या बाईलाही चढता येईल अशा बिननळीच्या सायकली निम्म्याहून जास्त असाव्यात. उन्हाळ्यात वेळ सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर.

आणि काउंटरवर एक लांबट वही: नाव, गाव, सायकलीचा नंबर, नेल्याची वेळ.